मागची सीट

“आई, काचेवर नको. फ्रेमला लाव. वरच्या कडेला.”

“कडेला? कपाळ सोडून कानाला कुंकू लावतं का कुणी?”

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीचं पुढचं दार उघडं होतं आणि माझ्या सासूबाई ड्रायव्हरच्या सीटवर एक गुडघा टेकून आत वाकल्या होत्या. डाव्या हातात ताम्हण, उजव्या हाताची बोटं लाल. बॉनेटवर स्वस्तिक काढून झालं होतं, चाकाखाली लिंबं ठेवून झाली होती, नारळ फुटला होता. राहिली होती ती डॅशबोर्डवरची छोटी स्क्रीन.

“आई, ती दाबली की चालू होते. उगीच काहीतरी दाबलं जाईल.”

“मी दाबत नाही रे निनू. मी नमस्कार करतेय.”

निनादने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. आमच्या लेकीला, रेवाला, कडेवर घेऊन मी हसले. आमच्या घरात मिक्सरसुद्धा हळदकुंकू लागल्यावरच पहिल्यांदा फिरला होता. सासरे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांच्याकडे नवा पाना आला की त्यावरही अक्षता पडायच्या. नवी वस्तू कामाला निघाली की तिची पूजा व्हायचीच, त्यावर चर्चा नव्हती.

आईंनी फ्रेमच्या वरच्या कडेला बोट टेकवलं, मुलाचं तेवढं ऐकलं, आणि मग कुंकवातल्या मूठभर ओल्या अक्षता थेट स्क्रीनवर टाकल्या.

“आई!”

“झालं, झालं. आता पूस.”

निनादने फडक्याने पुसलं, फुंकर मारली, स्क्रीन चालू करून चारही बटणं दाबून बघितली. इंजिन, रस्ता, गाणी, मागची सीट. सगळं नीट उघडत होतं. तो खूश झाला की कानामागे खाजवतो. तसं त्याने खाजवलं.

ती स्क्रीन पूर्वीच्या टेपच्या जागेत बसवली होती. सात इंची. तिच्यामागे पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, त्यातून एक वायर इंजिनाकडे गेलेली आणि एक छताच्या कापडाखालून मागे, कॅमेऱ्याकडे. मोबाईलसारखं तिला नुसतं बोट लावून चालायचं नाही, जरा दाबावं लागायचं. मी म्हटलं होतं की ही जुन्या पद्धतीची का घेतलीस, तर म्हणाला, “ड्रायव्हर लोकांच्या हाताला ग्रीस असतं, थंडीत हातमोजे असतात. त्यांना हीच बरी.” त्याच्या डोक्यात तेव्हाच ड्रायव्हर लोक होते. मला वाटत होतं, हे सगळं माझ्यासाठी चाललंय.

सुरुवात खरंच माझ्यासाठी झाली होती. रेवाला तापात आकडी आली ती याच गाडीत. मी पुढे निनादच्या शेजारी बसले होते, ती मागे आईंच्या मांडीवर. आईंना वाटलं झोपेत दचकतेय. मी मागे वळून बघितलं तेव्हा तिचे डोळे वर गेले होते. पुढचं सगळं ठीक झालं, डॉक्टरही म्हणाले की या वयात काही मुलांना होतं, घाबरू नका. पण मी त्यानंतर पुढच्या सीटवर बसले नाही. रेवा मागे तर मी मागे. गाडी सिग्नलला थांबली की तिच्या नाकाखाली बोट धरायचं.

निनादला ते आरशात दिसायचं. सुट्टीच्या दिवशी छताचं कापड उसवून त्याने कॅमेरा बसवला आणि म्हणाला, “आता पुढे बस. सारखी दिसेल तुला. मागे वळायला नको.” स्क्रीनवर रेवा स्पष्ट दिसायची. तिच्या छातीची हालचालसुद्धा. तरी मी मागेच बसत राहिले. तोही आग्रह करायचा थांबला.

मग खैरनारांनी ते बघितलं. त्यांचा सिन्नरच्या एमआयडीसीत शाळेच्या व्हॅन बांधायचा कारखाना. निनादच्या कंपनीत कुणाला तरी भेटायला आले होते, गेटवर निनादच्या गाडीत डोकावले आणि तिथेच उभे राहिले. “पिंगळे, हे मला पाहिजे. ड्रायव्हरला मागची पोरं दिसायला हवी. इंजिन तापलं तर कळायला हवं. गाणी नाही दिली तरी चालेल, ती ड्रायव्हर लोक आपणच शोधतात.” ते म्हणाले, एकदा सिन्नरला या, मला चालवून दाखवा, मागे माणसं बसवून दाखवा. जमलं तर माझ्या पुढच्या सगळ्या व्हॅनना तुम्हीच बसवा, शेडमध्ये कोपरा देतो. पण नोकरी सांभाळून नको. पूर्ण वेळ या.

म्हणजे राजीनामा. निनादने मला विचारलं, पोळ्या लाटत असताना.

“तुला काय वाटतं?”

“कर की.”

“खरंच?”

“अरे, खरंच. कर.”

मी लाटत राहिले. तो ओट्याला टेकून उभा होता. “कंपनीचं मेडिकल कार्ड जाईल,” तो म्हणाला. “पहिली दोन-तीन वर्षं तरी आपलं आपल्याला बघावं लागेल.”

“बघू. लोक करतातच ना.”

ते कार्ड माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असायचं. घराबाहेर पडताना मी आधी रेवाचं दुपटं बघायचे आणि मग कार्ड.

तर त्या रविवारी पूजा आटोपून आम्ही निघालो. निनाद पुढे एकटा. मागे रेवा, मी आणि आई. आईंना न्यायचं ठरलं नव्हतं, पण त्या पैठणी नेसून खालीच उभ्या होत्या. “मागे माणसं पाहिजेत म्हणाले ना ते? मग मी काय आहे?”

मोहदरीच्या घाटातही स्क्रीन उत्तम चालली होती. निनाद मध्येच बटण दाबायचा, इंजिनाचा आकडा बघायचा, पुन्हा रस्ता लावायचा. आई दोन सीटच्या मधून मान काढून विचारत होत्या.

“हे काय दाखवतंय?”

“इंजिन किती गरम आहे ते.”

“तुझे बाबा बॉनेटवर हात ठेवून सांगायचे.”

“हो, आणि हात भाजून घ्यायचे.”

“भाजून घ्यायचे, पण सांगायचे बरोबर.”

आम्ही सगळेच हसलो. रेवाही हसली, आम्ही हसतोय म्हणून. बाहेर स्वच्छ ऊन होतं. इतक्या वर्षांनंतरही ती सकाळ मला आवडते.

खैरनार कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोकळं. आईंना वाकून नमस्कार केला, रेवाच्या गालाला हात लावू का म्हणून मला विचारलं, ते मला आवडलं. मग निनादच्या शेजारी बसले.

“चला पिंगळे. एमआयडीसीची एक चक्कर मारू. खड्डे आहेत, स्पीडब्रेकर आहेत, सगळं आहे. इथे टिकलं तर कुठेही टिकेल.”

निनादने मागची सीट लावून दाखवली. स्क्रीनवर आम्ही तिघी. आईंनी पदर सावरला.

“झकास!” खैरनार म्हणाले. “बाळाच्या हातातली मण्यांची मनगटीसुद्धा दिसते. आता इंजिन दाखवा.”

निनादने बटण दाबलं. आकडे आले. तेवढ्यात एक मोठा स्पीडब्रेकर आला, गाडी उसळली, आणि स्क्रीनवर पुन्हा आम्ही.

“दाबलं गेलं वाटतं,” निनाद म्हणाला आणि परत इंजिन लावलं. आकडे क्षणभर दिसले. परत आम्ही. रस्ता लावला. परत आम्ही.

खैरनार हसले. “पिंगळे, तुमची स्क्रीन घरच्यांवरून हलायलाच तयार नाही.”

“आमची सून दिसायला चांगली आहे ना,” आई मागून म्हणाल्या.

निनाद हसला नाही. त्याने गाडी एका बंद शेडच्या सावलीत घेतली, सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. आम्ही थांबलो. कॉम्प्युटर सुरू व्हायला जरा वेळ घ्यायचा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकायची. खैरनारांनी घड्याळ बघितलं नाही, पण बोलणं थांबवलं. अक्षरं संपली, चार बटणं आली आणि कुणी हात लावायच्या आत आपोआप मागची सीट उघडली. आई, रेवा आणि मी.

निनादची मान मला मागून दिसत होती. कॉलरच्या वर घाम आला होता. रेवा माझ्या मांडीवर झोपेला आली होती. मी डोळे मिटून तिच्या टाळूवर ओठ टेकवले. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

डोळे उघडले तेव्हा निनाद स्क्रीनच्या खालच्या कडेने नख फिरवत होता. फ्रेम आणि काच यांच्यामधल्या फटीत. नख एका कोपऱ्यात अडकलं. त्याने ते आत घातलं, काहीतरी उचकटलं आणि मूठ मिटली. मग तो तसाच बसून राहिला, स्क्रीनकडे बघत. स्क्रीनवर अजून आम्हीच होतो. त्याने दुसरं बटण दाबलंच नाही.

“काय आहे?” खैरनार म्हणाले. “सापडलं काही?”

निनादने मिटलेली मूठ मांडीवर ठेवली.

“वायरीचं काही असेल तर सांगा. माझ्याकडे माणूस आहे, आत्ता बघेल. तोवर चहा घेऊ. आई, तुम्हीपण चला, घरी भाकरी-पिठलं सांगितलंय.”

“नाही साहेब,” निनाद म्हणाला. “वायरीचं नाही. प्रोग्रॅमच चुकलाय माझा.”

“मग दुरुस्त करून आणा पुढच्या रविवारी.”

“नाही होणार.”

“पंधरा दिवस घ्या. महिना घ्या.”

“मला सांगता नाही येणार साहेब, कधी होईल. मुळातच चुकलंय. लहान मुलांच्या गाडीत बसवण्यासारखं नाहीये हे.”

खैरनार त्याच्याकडे बघत राहिले. धंद्यातला माणूस. समोरच्याला जमत नाहीये की त्याला नाहीच म्हणायचंय, हे कळत असणार. “बरं,” ते शेवटी म्हणाले. “खरं बोललात ते चांगलं केलंत. पुण्याचा एक जण तयार माल देतो म्हणतोय, मी त्याला टाळत होतो.” दार उघडून उतरले, पुन्हा वाकून म्हणाले, “पण पिंगळे, सकाळी मला फोनवर तुम्ही म्हणालात, एकदम पक्कं आहे.”

“वाटलं होतं तसं,” निनाद म्हणाला.

आम्ही पिठलं न खाता निघालो. घाटाच्या अलीकडे एका टपरीवर आईंना चहा हवा होता. त्या रेवाला घेऊन बाकावर बसल्या. मी गाडीशी गेले तेव्हा निनाद बॉनेटला टेकून उभा होता, आईंनी काढलेल्या स्वस्तिकाच्या बाजूला. त्याने चहाचा ग्लास घ्यायला हात पुढे केला. अंगठ्याच्या नखात लाल रंग होता, आणि तळहातावर, मुठीत दाबून दाबून चिकटलेला, कुंकवातला एक तांदूळ.

मी त्या तांदळाकडे बघितलं. तो फ्रेममध्ये शिरला होता, काच दाबून बसला होता, आणि दाबलेल्या जागेखाली नेमकं मागच्या सीटचं बटण होतं. एवढंच. तो काढल्यावर दोष शिल्लकच नव्हता.

निनादने मी बघितलेलं बघितलं. चहा दुसऱ्या हातात घेतला आणि तळहात पँटला पुसला.

“आईला काही बोलू नकोस,” तो म्हणाला.

“नाही बोलत.”

बाकावरून आई हाक मारत होत्या. “निनू, मन लावून घेऊ नकोस रे! नोकरी आहे ना हातात? देवाने सांभाळलं म्हण.”

“हो आई,” तो ओरडून म्हणाला.

मी तेव्हा त्याच्या दंडाला हात लावला. वाटलं, हा माणूस किती मोठा आहे. आईच्या हातून काम बिघडलं हे तिला कळू नये म्हणून स्वतःला नालायक म्हणवून घेतलं याने, परक्या माणसासमोर. अशा माणसाबरोबर आपण संसार करतोय. पुढे कितीतरी वर्षं, भांडण झालं, तो चिडला, गप्प झाला, की मी तो बॉनेटपाशी उभा असलेला निनाद आठवायचे आणि माझा राग उतरायचा.

स्क्रीन त्याने पुढच्या आठवड्यात काढली. जागा भरायला साधा एफएम रेडिओ आणला. मी म्हटलं, “राहू दे ना, आपल्यापुरती.” तर म्हणाला, “तू कुठे पुढे बसतेस?” रागाने नाही म्हणाला. खरंच विचारल्यासारखं. कॉम्प्युटर एका सहकाऱ्याच्या भाच्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दिला. पुन्हा सोल्डरिंगचा वास आमच्या घरात आला नाही. रविवारी तो झोपायला लागला. कंपनीत बढती मिळाली, नंतर अजून एक. रेवाला आकडी परत कधीच आली नाही. ते कार्ड आम्हाला एकदाही वापरावं लागलं नाही.

आई गेल्या हिवाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या निनूने गाडीत कॉम्प्युटर बसवला होता, कुणाच्याच गाडीत नव्हता तेव्हा.

यंदा गाडी बदलायचं ठरलं. आम्ही शोरूममध्ये गेलो, निनाद ड्रायव्हरच्या सीटवर बसला, मी शेजारी. रेवा बाहेर एका लाल गाडीभोवती फिरत होती. सात वर्षांची झालीये, आता तिच्यावर सारखी नजर ठेवावी लागत नाही असं सगळे म्हणतात. मी काचेतून ठेवतेच. सेल्सवाली मुलगी रंगांचं पत्रक आणायला गेली होती. डॅशबोर्डच्या मधोमध भली मोठी स्क्रीन होती, काळीभोर, बंद. निनाद तिच्याकडे बघत नव्हता.

आता आई नाहीत, बोलायला हरकत नाही, असं वाटून मी म्हटलं, “तुला कधी सांगितलं नाही. पण सिन्नरला तू आईंसाठी जे केलंस ना, ते कुणी केलं नसतं.”

“काय केलं?”

“तो तांदूळ. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलंस.”

निनादने स्टिअरिंगवरून हात खाली घेतले.

“आईला कसलं वाईट वाटणार होतं?” तो म्हणाला. “तिला तांदूळ दाखवला असता तर हसली असती. खैरनारांना सांगितलं असतं, बघा, माझ्या अक्षतांमध्ये किती जोर आहे. तेही हसले असते. तिथेच काम मिळालं असतं.”

“मग?”

“तांदूळ काढायच्या आधीपासून मी स्क्रीनकडे बघत होतो. तू दिसत होतीस.”

“आम्ही तिघी होतो.”

“मी तुला बघत होतो. काम फिसकटतंय असं वाटल्यावर तू डोळे मिटलेस, रेवाच्या डोक्यावर ओठ ठेवलेस. तिला आकडी आल्यापासून तुझे खांदे असे वर असायचे, कानापर्यंत. झोपेतसुद्धा. ते त्या दिवशी पहिल्यांदा खाली आले. तिथे, त्या स्क्रीनवर, माझ्या डोळ्यांसमोर.”

मला तेलाचा वास आठवत होता. खांदे आठवत नव्हते. खूप प्रयत्न केला, आजही करते, आठवत नाहीत. पण निनादला एखादी गोष्ट दिसली नसेल तर तो दिसली म्हणत नाही.

“मला विचारायचं होतंस,” मी म्हटलं.

“विचारलं होतं की. तू ‘कर’ म्हणालीस.”

“मग परत विचारायचं.”

“परत ‘कर’च म्हणाली असतीस.” तो हे इतक्या सरळ म्हणाला की मला रडूही आलं नाही. “तू कधीच ‘नाही’ म्हणाली नसतीस, वृंदा. मला तेच नको होतं.”

“आणि ‘आईला बोलू नकोस’ म्हणालास ते?”

“तिने हजार प्रश्न विचारले असते. काय उत्तर दिलं असतं मी?”

काचेबाहेर रेवा लाल गाडीच्या आरशात बघून दात मोजत होती. मला त्याला म्हणायचं होतं, अजून कर, आता काय हरकत आहे, आता मी पुढे बसते. तोंड उघडलं आणि माझी नजर त्या काळ्या स्क्रीनवर गेली. शोरूममधल्या एकूण एक गाडीत ती होती.

सेल्सवाली मुलगी पत्रक घेऊन आली, दारातून आत वाकली, हसली. “सर, स्क्रीन चालू करून दाखवू का? सुरुवातीला थोडी अवघड वाटते, पण सवय होते लगेच.”

निनाद सरकून बसला, तिचा हात पोचावा म्हणून.

“दाखवा ना,” तो म्हणाला.

ती एकेक चित्रावर बोट ठेवत सांगायला लागली. हे दाबायचं पण नाही सर, नुसतं टच करायचं. इथे मॅप. इथे गाणी. इथे टायरमधली हवा कळते. निनाद पुढे वाकून, मध्येच मान हलवत, अगदी लक्ष देऊन ऐकत होता.

“कळलं का सर?”

“थोडं थोडं,” तो म्हणाला. “परत एकदा सांगता?”